थांबा म्हणालो, काका थांबले

२०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. दसऱ्याला आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मुहूर्तावर मशीन घरी न्यायची म्हणून सात पीसी आदल्या रात्रीच जोडून, विंडोज टाकून, स्ट्रेस टेस्ट लावून तयार ठेवले होते. प्रत्येक कॅबिनेटला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. त्या गडबडीत सासवडच्या काकांचा फोन आला. "मशीन चालूच होत नाहीये रे. संध्याकाळी येशील का? सोमवारी पार्टीला व्हिडिओ द्यायचाय."

काका लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतात. जूनमध्ये ते नवीन पीसी घ्यायला आले होते, पैसे बाजूला काढून. मी त्यांना म्हणालो होतो, "काका, आत्ता घेऊ नका, थोडं थांबा." आणि ते थांबले होते.

थांबा का म्हणालो, हे सांगायला हवं. पुण्यात पीसी जोडून विकायचं काम करताना मला एक नाद लागला आहे. बाजारात यायच्या आधी प्रोसेसरचे जे आकडे फुटतात, ते मी रोज रात्री वाचतो. गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्र दाखवतात, 'नवीन चिप ५० टक्के फास्ट', आणि त्यावर घरच्यांशी भांडून बजेट वाढवून येतात. कोणी टेस्ट केली, कशावर केली, काही बघत नाहीत. मला ते बघता येतं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

गीकबेंच ही प्रोसेसरचा वेग मोजायची टेस्ट. तिच्या साइटवर एखादी नोंद आली की मी आधी नावाची ओळ बघतो. तिथे विक्रीचं नाव नसून 'जेन्युइन इंटेल' आणि पुढे चार शून्यं असतील, किंवा 'एएमडी इंजिनिअरिंग सॅम्पल' आणि शंभरने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असेल, तर तो नमुन्याचा तुकडा. त्याचा क्लॉक, म्हणजे पळण्याचा वेग, अजून बदलू शकतो. मग मदरबोर्ड. कंपनीचा आतला टेस्ट बोर्ड असेल तर माल यायला वेळ आहे, दुकानात मिळणारा बोर्ड असेल तर लाँच जवळ आलं. मग रॅमचा स्पीड, विंडोजचा पॉवर प्लॅन. आणि त्या पानाच्या पत्त्याला शेवटी '.जीबी६' जोडलं की टेस्ट चालू असताना प्रोसेसर खरोखर किती मेगाहर्ट्झवर पळत होता, ते आकडे ओळीने दिसतात. ५.७ गिगाहर्ट्झचा दावा आणि प्रत्यक्षात ५.२ वर बसलेला, असं कितीदा सापडलंय. शिवाय गीकबेंच ६ मध्ये सगळे कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, मिळून एकच काम वाटून घेतात, त्यामुळे १६ कोरचा आकडा ८ कोरच्या दुप्पट येत नाही. हे माहीत नसलेला माणूस हमखास फसतो.

तर जूनमध्ये काका आले तेव्हा झेन ५ची, म्हणजे एएमडीच्या येऊ घातलेल्या प्रोसेसरची, हवा होती. वसंतातच कुठूनतरी ४० टक्क्यांची अफवा सुटली होती. ती मी कधीच धरली नाही. कॉम्प्युटेक्स या तैवानमधल्या कॉम्प्युटर प्रदर्शनात एएमडीने स्वतः सरासरी १६ टक्के सांगितले आणि जुलैमध्ये माल येईल असं जाहीर केलं. सोळा टक्के म्हणजे एडिटिंगवाल्याला चांगलेच. महिनाभराने तेच पैसे घालून जास्त मिळणार, तर माणसाला आज का अडकवा? काउंटरवरचा आमचा सहकारी मात्र म्हणाला, "काका, रॅकवर आहे तोच सगळ्यात चांगला प्रोसेसर." तो प्रत्येकाला हेच म्हणतो, कारण त्याला रॅक रिकामा करायचा असतो. गिऱ्हाइकाच्या कामाची चौकशी त्याने आजवर केलेली मी बघितली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३१ जुलैची तारीख ठरली, आठवडाभर आधी रद्द झाली, कारण पहिल्या मालाचा दर्जा अपेक्षेप्रमाणे नव्हता. सहा आणि आठ कोरवाले ८ ऑगस्टला आले, बारा आणि सोळावाले १५ तारखेला. रिव्ह्यू थंड. मग विंडोजचं अपडेट आलं की वेग वाढेल म्हणून थोडं थांबलो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत जास्त व्होल्टेजने प्रोसेसर खराब होण्याचं प्रकरण तेव्हाच तापलं होतं, म्हणून तिकडे बघायचंच नाही असं मी ठरवून टाकलं. मग १० ऑक्टोबरला इंटेलने अ‍ॅरो लेक हा नवीन पिढीचा प्रोसेसर जाहीर केला, विक्री २४ पासून. काकांना मी मेसेज केला, "अजून पंधरा दिवस." त्यांचं उत्तर आलं, "बरं."

दुकान बंद करून दिवे घाट चढून पोचेपर्यंत साडेनऊ झाले. दारात आपट्याची पानं ठेवलेली. काकांनी सोनं दिलं, काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली. मशीनचं दुखणं किरकोळ होतं: सी ड्राइव्ह गच्च भरली होती. भरली कशाने बघितलं तर प्रॉक्सी फाइल्सचे ढीग.

मूळ फुटेज जड असलं की एडिटिंगसाठी त्याच्या हलक्या प्रती बनवतात, त्या प्रॉक्सी. त्यांच्या मशीनवर कॅमेऱ्याच्या एका मेमरी कार्डाच्या प्रॉक्सी बनायला चार-चार तास लागत होते. दोन कार्डं एकदम लावली की सगळं अडकायचं. म्हणून काका पहिलं कार्ड लावून झोपायचे आणि दुसरं लावायला अडीच वाजता काकू उठायच्या. कीबोर्डशेजारी एक वही होती, काकूंच्या अक्षरात: 'निळं कार्ड झालं. लाल लावलं २.४०.' पानामागून पान.

"काकू, हे कधीपासून?"

"नवीन कॅमेरा आला तेव्हापासून. आधी नव्हतं लागत असं."

मी दोन वर्षांपूर्वीच्या एका लग्नाचं फुटेज त्याच मशीनवर उघडलं. प्रोसेसर रायझन ५ ३६०० आणि ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६०; लोण्यासारखं चाललं. नवीन कॅमेऱ्याची क्लिप उघडली. दोन सेकंद चालून गोठली. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू १०० टक्के आणि ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ डिकोडचा, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचा, आलेख सपाट, शून्यावर. क्लिपची माहिती काढली: एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १० बिट, ४:२:२.

माझ्या पोटात खड्डा पडला. ४:२:२ म्हणजे फुटेजमध्ये रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुप्पट. हळदीचा पिवळा, शालूचा जांभळा नंतर सुधारताना फाटत नाही, म्हणून काकांनी कॅमेऱ्याचं ते सेटिंग ठेवलं होतं, आणि बरोबर ठेवलं होतं. पण एच.२६५ मधलं ४:२:२ उलगडायची सोय तेव्हा एनव्हिडियाच्या कुठल्याही कार्डात नव्हती, एएमडीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येही नव्हती. ती होती इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या क्विक सिंक या व्हिडिओ इंजिनमध्ये, डेस्कटॉपला अकराव्या पिढीपासून. झेन ५चा सोळा कोरवाला घेतला असता तरी सगळा भार कोरवरच पडला असता. मी रात्र-रात्र वाचलेल्या एकाही आकड्यात हे इंजिन मोजलेलं नव्हतं. ती टेस्ट कोरची असते. आकडे खरे होते, मी ते नीटच वाचले होते, आणि काकांच्या कामाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

सोमवारची डिलिव्हरी कशीबशी भागवली. मंगळवारी त्यांच्याच कॅबिनेटमध्ये डीडीआर४ रॅम चालणारा बी६६० मदरबोर्ड आणि इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह १२५०० बसवला. १२४०० मुद्दाम घेतला नाही. त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स असतं आणि व्हिडिओ उलगडणारं मीडिया इंजिन एकच. १२५०० मध्ये यूएचडी ७७० आणि दोन इंजिनं. क्रमांकाच्या शेवटी एफ असलेला तर चालणारच नव्हता, त्यात ग्राफिक्सच नसतं. बाराव्या पिढीला व्होल्टेजचं ते दुखणंही नाही. जुनी ३२ जीबी रॅम तीच, ग्राफिक्स कार्ड तेच. एक गोष्ट भलेभले विसरतात: वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद ठेवतात. बायोसमध्ये जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर चालू केलं, प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डिकोडिंगसाठी इंटेलवर खूण केली, मशीन रीस्टार्ट केली. जमवलेल्या पैशांतले निम्मेही गेले नाहीत.

त्या आधी सोमवारी मी दुकानातली जूनची ऑर्डर वही काढून बघितली होती. काकांचं नाव, फोन, आणि खाली माझ्याच अक्षरात: 'नवीन कॅमेऱ्यापासून स्लो. झेन ५, थांबा.' म्हणजे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते लिहूनही घेतलं होतं. कुठला कॅमेरा, एवढं विचारलं नाही. जुनी मशीन आहे, दमली असणार, असं धरून मी लगेच माझ्या आवडत्या विषयाकडे वळलो होतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माझ्या सांगण्यावरून थांबलेला एक मुलगा ९८००एक्स३डी हा एएमडीचा गेमिंगचा प्रोसेसर घेऊन गेला. ७ नोव्हेंबरला तो बाजारात आला. गेमिंगबद्दल फुटलेले आकडे जवळपास तसेच निघाले, आणि तो पोरगा अजून धन्यवाद देतो. त्यामुळे लीक वाचणंच चूक, असंही मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं.

मंगळवारी संध्याकाळी काकांनी टाइमलाइनवर माउस धरून एक अख्खी मिरवणूक मागेपुढे फिरवली. प्रॉक्सीशिवाय. कुठे अडकलं नाही. काकू मागे उभ्या राहून बघत होत्या.

"नवीन आलाय का रे हा?" काकांनी विचारलं.

"नाही काका. २०२२च्या जानेवारीतला आहे."

"म्हणजे मी जूनमध्ये आलो तेव्हा..."

"होता. आमच्याच रॅकवर होता."

काका थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "चल, चहा घेऊन जा." काकू काही बोलल्या नाहीत. टेबलावरची वही त्यांनी उचलली, आणि चहा टाकायला आत गेल्या.