खर्ज आणि किक

आज दिवसभर मावसभावाच्या आवाजामागे लागलो होतो. पोराचा गळा पातळ, आणि माझ्या गाण्याच्या ट्रॅकला हवा होता खोल, भारदस्त आवाज. सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीत भिंतीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि त्याला माईकपासून दोन-तीन बोटांवर दबक्या आवाजात बोलायला लावलं. इतक्या जवळून बोललं की माईक खालचा आवाज आपसूक फुगवतो. (घामानं निथळला बिचारा.)

मग पिच (स्वराची उंची) १२ सेमीटोन (अर्धस्वर) खाली, म्हणजे पूर्ण एक सप्तक. बहुतेक जण इथंच थांबतात आणि म्हणून त्यांचे व्होकल्स पेंगुळलेले वाटतात. खरी कारागिरी फॉर्मंटची, म्हणजे तोंड-घशाच्या आकारानं आवाजाला येणाऱ्या छटेची. तो पिचइतकाच ओढला की शब्द विरघळतात. थोडाच उतरवला आणि मूळ आवाज हळू करून त्याच्याखाली मिसळला, तेव्हा कुठं उच्चार कळायला लागले.

९० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, तिथं किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस (सगळ्यात खालचे सूर) नांदतात. मूळ स्वर गेला तरी कान वरच्या स्वरांवरून तो भरून काढतो. त्यासाठीच सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडून वरचे स्वर वाढवणं), नाहीतर मोबाईलच्या स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यातही खर्जाच्या तारेतून वरचेच स्वर किती घुमतात! रिव्हर्बला (आवाजाच्या घुमाराला) साइडचेन लावलं, म्हणजे किक पडली की तो दबतो.

भाऊ म्हणाला, "दादा, ह्यो मी न्हाय!"

मावशीनं दारातूनच विचारलं, "घसा बसलाय का रं ह्याचा? हळद-दूध देऊ?"