बारा जणांच्या पोटात एकच अनोळखी व्हायरस

परवा रात्री एक पब्लिक डेटासेट डाउनलोड केला, कुणातरी अनोळखी माणसाच्या विष्ठेच्या नमुन्याचा, आणि त्यातले रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, क्रॅसफेज या बॅक्टेरियांवर जगणाऱ्या व्हायरसच्या जीनोमवर (त्याच्या पूर्ण डीएनएवर) मॅप करायला, म्हणजे कुठला तुकडा कुठे जुळतो ते बघायला, लावून झोपले. सकाळी उठून बघते तर साधारण 97 हजार अक्षरांच्या त्या जीनोमवर जवळजवळ सगळीकडे रीड्स बसलेले. म्हणजे त्या माणसाच्या पोटात हा व्हायरस होता. आणि 2014 पर्यंत असा काही व्हायरस असतो हे जगात कुणालाच माहीत नव्हतं!

पूर्वीची पद्धत आठवा. 1965 मध्ये आपल्या पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताच्या एनआयव्हीने, नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या पेशंटच्या रक्तातून नवा व्हायरस शोधला. तेव्हा तो लॅबमध्ये वाढवूनच ओळखावा लागायचा. पण जो वाढतच नाही त्याचं काय? आतड्यातले किती बॅक्टेरिया हवा लागली की मरतात, मग त्यांच्यावर जगणारे व्हायरस कुठून हाती लागणार.

क्रॅसफेज कुणी वाढवला नाही, बास ड्युटिल, रॉब एडवर्ड्स वगैरे मंडळींना तो चक्क दुसऱ्यांच्या जुन्या डेटात सापडला. जुळी भावंडं आणि त्यांच्या आया, एकूण 12 जणांच्या नमुन्यांतला व्हायरसचा डीएनए आधीच कुणीतरी वाचून ठेवलेला होता, त्यातले ढिगाने तुकडे कशाशीच जुळत नव्हते म्हणून तसेच पडून होते. यांनी बाराही जणांचे रीड्स एकत्र करून जोडले. गाण्याच्या भेंड्यांसारखं असतं ते, एकाचं शेपूट जिथे संपतं तिथून दुसरा सुरू, फक्त इथे एक अक्षर जुळून भागत नाही, बरीच जुळावी लागतात. आणि खरी युक्ती पुढे आहे: काही तुकडे या माणसात एकदम जास्त, त्या माणसात एकदम कमी, पण सगळे एकाच प्रमाणात वरखाली होत होते, म्हणजे ते एकाच जीनोमचे असणार ना! मग पीसीआर करून, म्हणजे लॅबमध्ये नेमक्या त्याच डीएनएच्या भरपूर कॉपी काढून, खात्री केली. काही नमुन्यांत तर व्हायरसच्या रीड्सपैकी 90 टक्क्यांपर्यंत हा एकटाच निघाला.

नुसता सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, मिळाला म्हणजे व्हायरस कळला असं मात्र नाही हं. तो बॅक्टेरॉइडिस नावाच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांवर जगत असावा हा अंदाज आधीच होता, पण त्याच्या कुळातला एक व्हायरस प्रत्यक्ष वाढवायला 2018 उजाडलं, आयर्लंडमधल्या कॉर्कच्या टीमने ते केलं. माणसाला त्याने काही आजार होतो असं दिसलेलं नाही.

2022 मध्ये आर्टेम बाबायन आणि सोबत्यांनी सेराटस नावाच्या प्रोजेक्टमध्ये हेच अफाट प्रमाणावर केलं. 57 लाख पब्लिक नमुने चाळले, शोधला फक्त एक जीन, आरएनए व्हायरस स्वतःची कॉपी काढायला जे एन्झाइम वापरतात त्याचा, आणि 1 लाख 30 हजारांहून जास्त नवे आरएनए व्हायरस मिळाले. एकही नवा नमुना न घेता!

म्हणूनच डेटा हार्डडिस्कवर पडून राहिलेला बघितला की मला फार वाईट वाटतं. माझ्या ओळखीच्या एका लॅबमध्ये अशी डिस्क आहे, फाइलींची नावं नुसती सॅम्पल 1, सॅम्पल 2, नमुना कुठला, कधी घेतला, कसा ठेवला, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही, आणि ज्याने घेतले तो मुलगा केव्हाच सोडून गेला. कृपा करून पेपर झाला की रॉ डेटा पब्लिक डेटाबेसमध्ये टाका, आणि गाव, तारीख, नमुना कसला हे नीट भरा. तुम्हाला निरुपयोगी वाटलेले रीड्स दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला लागणारेत.

माझ्या त्या मॅपिंगमध्ये एका जागी मात्र कव्हरेज, म्हणजे तिथे बसलेल्या रीड्सची संख्या, धाडकन शून्यावर आलंय, दोन्ही बाजूंना रीड्सची दाटी आणि मध्ये साधारण दीड हजार अक्षरं कोरी. या माणसातल्या व्हायरसमध्ये तिथे वेगळंच काहीतरी असावं. कडेला अर्धवट चिकटलेले आणि कुठेच न बसलेले रीड्स वेगळे काढून ठेवलेत, आज रात्री तेच जोडायला लावते.