डॉग गिअरबॉक्स: हलक्या हाताने गिअर टाकू नका

गोव्यात म्हापशाच्या पायलटाची (मोटारसायकल टॅक्सीवाल्याची) मोटारसायकल आणि शर्यतीची गाडी यांचा गिअरबॉक्स मुळात एकाच जातीचा: डॉग. दोन्हींत सिंक्रो रिंग नसते. गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात; ड्रम (खाचा कोरलेला दंडगोल) फिरला की फोर्क (सरकवणारा चिमटा) सरकतो आणि डॉगचे, म्हणजे गिअरच्या बाजूला असलेले, जाड दात शेजारच्या गिअरच्या खाचांत बसतात. रस्त्यावरच्या कारमध्ये सिंक्रो आधी वेग जुळवतो, त्यात वेळ जातो.

डॉगच्या दातांच्या बाजू किंचित आत तिरक्या कापलेल्या असतात. त्यामुळे भार आला की ते एकमेकांना घट्ट ओढून धरतात. म्हणूनच वरचा गिअर टाकताना इग्निशन क्षणभर तोडावं लागतं किंवा थ्रॉटल सोडावा लागतो. भार सुटल्याशिवाय डॉग सुटत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते भीत भीत, हळू गिअर टाकल्याने. दातांचे कोपरे एकमेकांवर आपटत गोल होतात आणि मग ऐन वेगात गिअर सुटतो. झटक्यात, शेवटपर्यंत टाका. लिव्हरवर हात ठेवून चालवणंही वाईटच: फोर्कची टोकं घासून तापतात, निळी पडतात. बॉक्स उघडलात की आधी तीच बघा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.