बोटीला भोकं किती?

बोट विकत घेतली तेव्हा आम्हा दोघा बहीणभावांच्या नजरा वर होत्या. तीस फुटी फायबरग्लासची शीडबोट, बांधणी 1979 ची. डोलकाठी सरळ, शिडं मळकी पण धड. भावाने सुकाणूचा दांडा धरून पाहिला, मी शिडाची दोरी ओढून पाहिली, आणि तेवढ्यावर सौदा झाला. वाकून बोटीच्या पोटात बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

ते बघितलं महिनाभराने. यार्डात क्रेनने बोट उचलून टेकूंवर उभी केली होती. भाऊ खडू घेऊन तळाभोवती फिरत होता आणि पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक भोकाभोवती गोल काढत होता. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारं एक. संडासाची दोन, एक पाणी घ्यायचं, एक सोडायचं. सिंकचं एक, बेसिनचं एक. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, लाट शिरली तर पाणी उतरून जावं म्हणून दोन. एक खोली मोजणाऱ्या सेन्सरचं, एक वेग मोजणाऱ्या चिमुकल्या चाकाचं. इंजिनाने फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर पडतो ते, आणि सुकाणूचा दांडा आत येतो ते. अकरा झाली.

"ताई, आपण बोट घेतलीय की चाळण?"

मी हसले, पण रात्री कागदावर हिशोब मांडला. दीड इंची भोक, पाण्याखाली दोन फूट. त्यातून मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. आमच्या हातपंपाने एवढं उपसायचं म्हटलं तर दोघांनी आळीपाळीने किती मिनिटं टिकायचं, तो हिशोब मी केला नाही.

या भोकांना आतून व्हॉल्व्ह असतात, सीकॉक म्हणतात त्यांना. पहिल्या सीकॉकचं हँडल मी बंद करायला फिरवलं, ते फिरलं नाही. जरा जोर लावला तर हातात आलं. तुटलेल्या जागी धातू पिवळा नव्हता, फिकट गुलाबी होता आणि नखाने खरवडला तर भुगा पडत होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो. बाहेरून आकार तसाच, ताकद बिस्किटाची. गंमत म्हणजे त्या सीकॉकवर आधीच्या मालकाने छान रंग दिला होता. आम्ही सगळेच काढले आणि ब्राँझचे बसवले. प्रत्येकाच्या शेजारी मऊ लाकडाची एकेक खुंटी सुतळीने बांधून ठेवली. उद्या सीकॉक तुटलाच तर खुंटी भोकात ठोकायची. एवढ्या खर्चानंतर शेवटचा भरवसा लाकडाच्या खुंटीवर!

मग ठरवलं, जी भोकं नको ती बुजवायची. वेग जीपीएस सांगतो, म्हणून चाकाचं गेलं. बेसिनचा पाइप सिंकच्या पाइपाला जोडला. खोली मोजणारा सेन्सर भरीव फायबरग्लासच्या आतून चिकटवला तरी चालतो, तेही भोक गेलं. अकराची आठ झाली.

भोक बुजवणं म्हणजे मसाला भरून थापणं, अशी माझी समजूत होती. ती ग्राइंडरने उतरवली. तसा नुसता गट्टू एखाद्या दणक्याने सुटून येऊ शकतो. म्हणून भोकाच्या चहूबाजूंनी फायबरग्लास उतरता घासायचा, जाडीच्या बारापट लांब. आमच्या तळाची जाडी साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे दीड इंची भोकासाठी सव्वा वीत रुंद बशी कोरायची. धडधाकट बोट स्वतःच्या हाताने एवढी खरवडताना पोटात गोळा येतो. शिवाय ती धूळ. मास्क, चष्मा, अंगभर झगा घालूनही मनगटावर आणि मानेवर अशी खाज सुटायची की झोपेत ओरबाडायचे.

त्या बशीत इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रव कालवले की घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, भिजवलेल्या काचतंतूंच्या कापडाचे थर बसवायचे. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून मगभर इपॉक्सी एकदम कालवलं. कापड कापून होईस्तोवर मग गरम झाला, मग वाफाळला, मग धुरकट वास सोडत आतल्या आत उकळून दगड झाला. साचून राहिलेलं इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने आणखी वेगाने आवळतं. ते थोडंथोडं कालवावं आणि पसरट ताटलीत ओतावं, हे डब्यावर लिहिलेलं होतं. तो मग मी ठेवून दिलाय, पेपरवेट म्हणून.

तारांचं थोडक्यात सांगते. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांचं वय कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्या बदलल्या. पण त्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकतात त्या डेकमधून खाली जातात, म्हणजे पुन्हा भोकं! स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत गेलो. टक, टक, टक, आणि पट्टीजवळ आल्यावर थप. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं असतं. फटीतून पाणी झिरपून ते ओल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. पट्ट्यांचं स्टेनलेसही नेमकं डेकच्या जाडीत, जिथे हवा पोचत नाही आणि ओल मात्र राहते, तिथेच खड्डे पडून कुरतडलं होतं. मोकळ्या हवेतला भाग आरशासारखा चकचकीत. दोन आठवडे या एका 'थप'मध्ये गेले.

या दिवसांत भाऊ सारखा जोशुआ स्लोकमचं नाव घ्यायचा. शेतात टेकून ठेवलेली 'स्प्रे' नावाची मोडकी बोट त्याने 13 महिने खपून जवळपास नव्याने बांधली, 1895 च्या एप्रिलमध्ये बॉस्टनहून निघाला आणि 1898 च्या जूनमध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. जगातला पहिला. "तेरा महिने, ताई! आपले अजून आठच झालेत." मी त्याला ऐकवलं, त्याच्या बोटीला इंजिन नव्हतं, म्हणजे दांड्याचं भोकही नव्हतं.

कारण त्या भोकानेच मला सगळ्यात छळलं. पंख्याचा दांडा फिरता हवा आणि पाणी तर आत यायला नको. त्यासाठी दांड्याभोवती ग्लँड पॅकिंगचे, म्हणजे वंगण मुरवलेल्या दोरीचे, वेढे भरून नट आवळतात. पण फार आवळला तर दांडा तापतो. म्हणून इंजिन चालू असताना मिनिटाला दोनचार थेंब गळायलाच हवेत. बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी क्रेनचे पट्टे काढू न देता आम्ही आत शिरलो, आठही जागा टॉर्चने पाहिल्या. सात कोरड्या. आठव्या जागी मी घड्याळ लावून थेंब मोजत बसले. मिनिटाला तीन. गळणारी बोट बघून एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

चार दिवसांनी निघालो. पहिला टप्पा नव्वद सागरी मैलांचा, रात्र धरून. किनारा मागे पडला, इंजिन बंद केलं, शीड भरलं आणि बोट एका कुशीवर कलून पाच नॉटने चालू लागली. आठ महिन्यांत विसरायलाच झालं होतं की हिला चालताही येतं.

रात्री दोनच्या सुमारास केबिनच्या तळातला पंप आपोआप सुरू झाला. थांबला. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. इंजिन बंद, दांडा स्थिर, मग पाणी कुठलं? मी खाली उतरून फळी उचलली. टॉर्चच्या उजेडात काळंशार पाणी इकडून तिकडे हिंदकळत होतं. सीकॉक एकेक चाचपले, सगळे कोरडे. बुजवलेल्या तिन्ही जागांवर हात फिरवला. कोरड्या.

"ताई, काय करतेयस?" वरून सुकाणूवरचा आवाज.

"बोट बुडवतेय."

"काय?"

"हाताचं रे!"

बोट जिभेला लावलं. थोडं डिझेल, थोडी धूळ. मीठ मात्र नाही. पुन्हा चाखलं. गोडंच. बाकाखालच्या टाकीकडे टॉर्च वळवला तर पाइपाचा क्लँप सैल होऊन नळासारखी धार लागली होती. क्लँप मी दोन मिनिटांत आवळला. तोवर आमचं निम्मं पिण्याचं पाणी पंपाने इमानेइतबारे समुद्रात सोडून दिलं होतं.