आमची वाटचाल : डाय जुना, कॅमेरा नवा

भोसरी एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती कारखान्यांना कॅमेरे आणि दिवे जोडून देण्यापासून. बाटलीचं झाकण नीट बसलंय का, लेबल तिरकं गेलंय का, हे तपासणाऱ्या यंत्रणा. वैद्यकीय क्षेत्रात आम्हाला ओढलं एका सर्जननी. त्यांच्या रुग्णालयाचा नेत्रविभाग इंडोसायनिन ग्रीन म्हणजे आयसीजी हा शिरेतून द्यायचा, चमकणारा रंग (डाय) वापरत होता. सरांना तोच पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हवा होता. "डाय आहे हो आमच्याकडे, दिसत नाही एवढंच," ते म्हणाले. त्याची चमक दाखवणाऱ्या परदेशी यंत्रणा मिळत होत्या, पण त्यांची किंमत मधल्या शहरांतल्या रुग्णालयांना झेपणारी नव्हती. म्हणून तसा कॅमेरा आम्हीच बनवायला घेतला.

हा डाय कोडॅकच्या प्रयोगशाळेत जन्मला. अमेरिकेत १९५९ साली त्याला मान्यता मिळाली, तेव्हा हृदयाचा रक्तप्रवाह आणि यकृताचं काम मोजण्यासाठी तो वापरत. शिरेतून दिला की रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, यकृत त्याला उचलतं आणि पित्तात सोडतं. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी दिला तर पित्तनलिका चमकते. ही चमक साधारण ८३० नॅनोमीटरची, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड), डोळ्यांच्या पल्ल्याबाहेरची. या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाश फारसा शोषत नाहीत, त्यामुळे चरबीच्या पातळ थराखालची नलिकाही दिसते.

गंमत म्हणजे साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला हा प्रकाश कळतो. चित्राचे रंग बिघडू नयेत म्हणून उत्पादक त्याच्यापुढे तो अडवणारी काच बसवतात. ती काढणं सोपं. पण डायला चमकवायला जो प्रकाश टाकावा लागतो, त्याचा थेंबभर अंश जरी गळून सेन्सरपर्यंत आला तरी अंधुक चमक त्यात बुडते. तो गळणारा प्रकाश अडवणारे फिल्टर बनवून घेण्यात आमचा सर्वाधिक पैसा आणि वेळ गेला. शिवाय दुर्बिणीची भिंगं दृश्य प्रकाशासाठी घडवलेली, त्यामुळे अवरक्त प्रकाशात फोकस सरकतो. आणि ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) जुना हॅलोजन दिवा! त्यात अवरक्त प्रकाश भरपूर. तो चालू असेल तर पडद्यावर नुसता पांढरा धुरळा.

प्रात्यक्षिकाला गेलं की एक प्रश्न हमखास येतो : "डोस वाढवला तर जास्त चमकेल ना?" नाही. ठरावीक प्रमाणाच्या पुढे डायचे रेणू एकमेकांचीच चमक मारतात. पित्तनलिकेसाठी जास्त देऊन अगदी ऐन वेळी दिला, तर सगळं यकृतच लखलखतं आणि नलिका त्यात हरवते. पावडर विरघळवायची ती इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यात, सलाइनमध्ये नाही, आणि सहा तासांत संपवायची. त्यात आयोडाइड असतं, तेव्हा ॲलर्जीची चौकशी आधी. हे सगळं आम्ही ओटीच्या सिस्टरांना समजावतो, कारण व्हायल (औषधाची छोटी बाटली) त्यांच्याच हातात असते.

२०२० पासून आपल्याकडे सर्वच वैद्यकीय उपकरणं कायद्यानं औषधांच्या व्याख्येत आली. झाकणं तपासणाऱ्या कंपनीला ही वेगळीच शाळा होती : प्रत्येक स्क्रूची नोंद, प्रत्येक बदलाचं कारण. कुरकुर खूप केली, पण दुरुस्तीला आलेल्या यंत्राची कुंडली आज दोन मिनिटांत सापडते ती त्या नोंदींमुळेच.

अधूनमधून एखादा संशोधक विचारतो, की कॅन्सरची गाठ चमकवून दाखवणारा डाय का आणत नाही? असे डाय आले आहेत. अंडाशयाच्या कर्करोगासाठी पाफोलासियानिनला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, स्तनाच्या कर्करोगासाठी पेगुलिसियानिनला २०२४ मध्ये. पण नवा रेणू माणसाला देणं म्हणजे नवं औषध आणणं; विषारीपणाच्या तपासण्या, रुग्णांवरच्या चाचण्या, वर्षानुवर्षांचा खर्च. आमच्या आकाराच्या कंपनीचं ते काम नाही. 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेली बाटली स्वस्तात मिळते म्हणून रुग्णासाठी मागणारेही भेटले. त्यांना आम्ही सरळ नकार देतो, ऑर्डर गेली तरी.

सध्या अडलंय ते मोजमापावर. आतडं जोडताना रक्तपुरवठा पुरेसा आहे का, हे सर्जन चमक बघून ठरवतात; पण दुर्बीण जरा जवळ नेली की तीच चमक वाढते. अंतराचा हिशेब धरून आकडा देणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितोय. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर ते जमतं, हलत्या आतड्यावर अजून नाही.