बोर्डोत बसून चिलीचा घोट

वाइनच्या वर्गात सगळ्यात आधी शिकवतात ते थुंकायला. फ्रान्समधल्या बोर्डो शहराच्या जुन्या भागातली एक छोटी वाइन-शाळा. प्रत्येकाच्या पुढ्यात वर निमुळते होत गेलेले चाचणीचे पेले, एक पांढरा कागद आणि दोघांत मिळून एक पिकदाणी. पेल्यात 215 मिलिलिटर मावतं, पण ओततात जेमतेम तळ झाकेल इतकंच. कागदावर तिरपा धरून रंग बघा, न हलवता हुंगा, मग गोल फिरवून परत हुंगा, घोट घेऊन तोंडातल्या तोंडात हवा ओढा आणि एवढं सगळं झाल्यावर ती चांगली वाइन खुशाल थुंकून टाका! शिकवणाऱ्या बाईंची पिचकारी हातभर अंतरावरून नेमकी पिकदाणीत. माझ्या शेजारचे आजोबा मात्र सगळं गिळत होते. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांना प्रत्येक वाइनमध्ये चेरीच सापडू लागली.

विषय होता जगभरच्या वाइन. अर्जेंटिनाची मालबेक आली (वाइनला नाव तिच्या द्राक्षाच्या जातीचंच), तर तिचं माहेर नैर्ऋत्य फ्रान्स निघालं. कॅलिफोर्नियाची काबर्ने सॉव्हिन्यों तर थेट बोर्डोचीच. जग फिरायला बसलो होतो आणि फिरून फिरून तिथेच येत होतो, याचा थोडा कंटाळाही आला.

मग एक गडद जांभळट वाइन आली. नाक आत घातलं आणि भप्पकन नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास. चिलीची कार्मेनेर.

हीसुद्धा मूळची बोर्डोचीच. 1860च्या दशकात फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली आणि बागाच्या बागा वाळल्या. उपायही अमेरिकेतलाच: तिथल्या वेलीचा खुंट, वर फ्रेंच द्राक्षाचं कलम. नव्याने लागवड करताना बोर्डोच्या बागायतदारांनी कार्मेनेर जवळपास सोडूनच दिली. पिकायला उशीर, त्यात फूलगळ, घड विरळ. कोण नादी लागणार? पण कीड येण्याआधीच तिच्या काड्या चिलीला गेल्या होत्या. तिथे ती मर्लो या दुसऱ्या द्राक्षाच्या ओळींत मिसळली, मर्लो म्हणून तोडली गेली, मर्लो म्हणून विकली गेली. मर्लो तोडणीला यायची तेव्हा ही अजून कच्ची असायची, म्हणून चिलीच्या त्या 'मर्लो'ला हिरवट वास यायचा. 1994 साली ज्याँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने वेल निरखून सांगितलं की ही मर्लो नव्हे, कार्मेनेर आहे.

शतकभर परक्या नावाने नांदलेली वेल, आणि मी तिची वाइन तिच्याच गावात बसून चाखतोय! तो घोट मी थुंकला नाही. मर्लोपेक्षा ती काही फार थोर लागली असं नाही. तुरटपणा मऊ, आंबटपणा बेताचा, शेवटी किंचित मिरपूड. तरी पेला रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सिते द्यु व्हँ हे भलंमोठं वाइन-संग्रहालय पाहिलं. कानाला यंत्र लावून माणसं एकमेकांवर आदळत होती. तिकिटातच आठव्या मजल्यावर एक पेला वाइन मिळते. वरून गारोन नदीचं वळण फार सुरेख दिसतं, पण काचेजवळ उभं राहायला सेल्फीवाल्यांनी जागा ठेवली तर ना. काउंटरवर देशोदेशीच्या वाइन होत्या, आणि माझ्या पुढची अख्खी रांग बोर्डोच मागत होती. अहो, ती खाली कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते!

सेंत-एमिलियों झालं, पावसात मेदोक झालं. दोन्हीकडे बागा सुंदर आणि गर्दी असह्य.

निघायच्या दिवशी एका दुकानात इथेच पिकलेली कार्मेनेर आहे का, असं विचारलं. बोर्डोत ती आजही लावता येते आणि थोडे जण लावतातही. दुकानदाराने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मान हलवली आणि मर्लोची बाटली पुढे केली.