पहिल्या दिवशी त्यांनी मला "काय झालं" असं विचारलंच नाही

हे लिहू की नको यातच बरेच महिने गेले. पण मी स्वतः काउन्सेलर शोधत होते तेव्हा मला एवढंच हवं होतं की आत गेल्यावर नक्की काय होतं ते कुणीतरी साध्या भाषेत सांगावं, आणि तेच कुठे मिळत नव्हतं, म्हणून लिहितेय. लग्नात मारहाण होती आणि जबरदस्तीही होती. तपशील देणार नाहीये, जी यातून जातेय तिला ते वाचायची गरज नाही.

आधी एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत विचारलं, मग तुम्ही ओरडला का नाहीत? आणि निघताना म्हणाल्या, पुढच्या वेळी मिस्टरांनाही घेऊन या, समोरासमोर बसून बोलू. मी घरी आले आणि त्यानंतर दीड वर्ष कुणाशी चकार शब्द बोलले नाही. हिंसा चालू असताना दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं असतं हे मला खूप नंतर कळलं, कारण त्या खोलीत बाई जे खरं बोलते ते तिला घरी गेल्यावर भोगावं लागतं. तुम्हाला कुणी असं सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

दुसऱ्या काउन्सेलर बहिणीने शोधल्या. मी आत गेले तर त्या म्हणाल्या, कुठे बसायला बरं वाटेल तुम्हाला? एवढाच प्रश्न, पण मी उभीच राहिले, मला उत्तरच येईना, कारण मला काय बरं वाटेल हे ठरवायची सवयच गेली होती. शेवटी दार दिसेल अशी खुर्ची घेतली. त्यांनी त्यांची खुर्ची उचलली आणि जरा बाजूला नेऊन ठेवली, म्हणजे मी आणि दार यांच्या मधे कुणी नको. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मग सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहतं, पण कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा लहान मूल सुरक्षित नाहीये असं दिसलं तर ते बाहेर सांगावं लागू शकतं आणि तसं करायच्या आधी शक्यतो तुमच्याशीच बोलेन. वहीत काय लिहितात ते मला कधीही बघता येईल, आणि मी नुसता हात वर केला तरी विषय थांबेल, कारण द्यायची गरज नाही.

मी सगळं पाठ करून गेले होते, पहिल्यांदा कधी, मग काय, तारखांसकट. त्या म्हणाल्या ते सांगायची घाई नाही, आणि सांगितलंच पाहिजे असंही नाही. मला खरं तर रागच आला, एवढी हिंमत करून आले आणि या ऐकून पण घेत नाहीत! नंतर त्यांनी समजावलं की आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि त्यांचं दुःख, मग पुन्हा माणसांत येणं, असे टप्पे ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडले आणि आजही बरेच जण त्याच वाटेने काम करतात. शरीर अजून धोक्यातच असेल तर जखम उघडून काय करणार?

आणि मी खरंच धोक्यात होते, तेव्हा त्याच घरात राहत होते. पहिली पाच-सहा सेशन्स सेफ्टी प्लॅनमध्येच गेली. कागदपत्रांच्या कॉपी बहिणीकडे, फोनचं लोकेशन कुणाकुणाला दिसतंय ते तपासणं, मेसेजमध्ये एक ठरलेला साधा शब्द आला की बहिणीने लगेच मदत बोलवायची. "सोडून का देत नाही" हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. उलट म्हणाल्या की बाई निघायच्या तयारीत असते तेव्हा आणि निघाल्यावर लगेचचे दिवस, हा काळ सगळ्यात धोक्याचा असू शकतो, त्यामुळे कधी आणि कसं ते तुम्हीच ठरवायचं, माझ्यापेक्षा त्या घराची माहिती तुम्हाला जास्त आहे. मी निघाले ते त्यानंतर चार महिन्यांनी.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शरीराबद्दल जे कळलं त्याचा. मी ओरडले का नाही, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारायचे. त्यांनी सांगितलं की खूप मोठ्या भीतीत शरीर गोठू शकतं, हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि हे आपण ठरवून होत नाही, मेंदू आपोआप करतो. आठवणही अशा वेळी तुकड्यातुकड्यांनी साठू शकते, म्हणून मला लॅचचा आवाज लख्ख आठवायचा पण दिवस कुठला होता ते सांगता यायचं नाही आणि मग मलाच वाटायचं की मी खोटं बोलतेय का. त्या दिवशी मी सेशनभर रडले. गोठणं म्हणजे होकार नाही, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं हो.

एकदा बाहेर कुणीतरी दाराचा लॅच फिरवला आणि मी खोलीत असून नसल्यासारखी झाले. त्यांनी जवळ येऊन हात वगैरे धरला नाही. जागेवरूनच हळू म्हणाल्या, पाय जमिनीला टेकलेत का बघा, इथे दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगा. पडदा, पंखा, वही, माझी पर्स, त्यांचा चष्मा. चष्म्यापर्यंत येता येता श्वास जागेवर आला. याआधी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा प्रयत्न केला होता तर मला जास्तच घाबरायला झालं होतं, मला वाटलं मलाच जमत नाही, पण त्या म्हणाल्या बऱ्याच जणींना डोळे मिटले की असुरक्षित वाटतं, उघडेच ठेवा.

आठवणींचं काम सुरू झालं ते घर सोडल्यावर. त्यांनी दोन-तीन पद्धती समजावल्या आणि निवड माझ्यावर सोडली. डोळ्यांच्या हालचालींची थेरपी मला नको वाटली, मी लिहिण्याची घेतली. हे माझ्या बाबतीत का घडलं असं मला वाटतं, ते लिहून आणायचं. माझ्या दीड पानात "माझ्यामुळे" हा शब्द अकरा वेळा होता. मग एकेक वाक्य घेऊन आम्ही बसायचो, हे कशावरून, तेव्हा तुमच्या हातात काय होतं, त्याच्या हातात काय होतं. हे काम फार दमवतं. मधे तीन आठवडे गेलेच नाही, झोप परत उडाली, वाटलं होतं त्याहून वाईट झालंय. परत गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत, थांबायचा हक्क वापरलात म्हणाल्या.

आता महिन्यातून एकदा जाते. खुर्ची तीच, दार दिसणारी. बहीण एकदा बाहेर थांबली होती, तिला त्यांनी पाच मिनिटं समजावलं होतं की हात लावायच्या आधी विचारत जा. ती अजून विचारते, जवळ घेऊ का? परवा मी आज नको म्हणाले. बरं म्हणाली, आणि आमच्या गप्पा तशाच पुढे चालू राहिल्या.